आधी खुर्ची, मग ब्लाइंड: अकरा वर्षांच्या मुलीसाठी हरणाच्या शिकारीची बैठक निवडताना

विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आयोवा काउंटी आहे. हिमयुगातला बर्फ या पट्ट्यावरून फिरला नाही, म्हणून आजूबाजूला सपाट शेतं असली तरी इथे उभे उतार, अरुंद घळी आणि माथ्यावर ओकची झाडी आहे. खाली लसूणघास आणि मका. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला, म्हणजे व्हाईटटेलला, याहून सोयीची जागा नाही: दिवसा झाडीत बसायचं, संध्याकाळी ओघळीने घासात उतरायचं.

हे प्रकरण अशाच एका शेतावरचं आहे. मुलगी अकरा वर्षांची, उंची ४ फूट ७ इंच, वजन ७४ पौंड. वडील सहा फुटी, १९० पौंडांचे, स्वतः अनेक हंगाम शिकार केलेले. रायफल .२४३ विंचेस्टर काडतुसाची, बोल्ट अ‍ॅक्शन (दर बारानंतर हाताने बोल्ट मागे-पुढे ओढायची), मुलांच्या मापाचा आखूड दस्ता. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात मुलांसाठी दोन दिवसांचा खास हंगाम असतो, त्यासाठी तयारी चालली होती. जमीन ओळखीच्या शेतकऱ्याची, परवानगी घेतलेली. तिथे एका ओकला सोळा फुटी दोन माणसांचा लॅडर स्टँड आधीपासून बांधलेला होता. वडिलांचा प्रश्न सरळ होता: फुकटचा स्टँड असताना ब्लाइंडवर दोनशे-अडीचशे डॉलर का घालायचे?

शब्दांपुरतं सांगायचं तर लॅडर स्टँड म्हणजे शिडी लावलेलं मचाण आणि ब्लाइंड म्हणजे पक्षी पाहणारे ज्याला लपण म्हणतात ते, इथे कापडी तंबूच्या रूपात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचं मचाण इतिहासजमा झालं. आपल्याकडे आता मचाणावर बसतात ते बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजायला. त्या रात्री मचाणावर बसलेल्याला एक गोष्ट ठाऊक असते. जागा कितीही चांगली असो, दीड तासाने पाय वळायला लागला की माणूस हलतो. पुढचं सगळं त्याच गोष्टीभोवती फिरतं.

लॅडर स्टँड का बाद झाला

वडिलांनी पहिला हिशेब वजनाचा केला. दोन माणसांच्या शिडीवर बहुधा ५०० पौंडांची मर्यादा छापलेली असते. ७४ अधिक १९०, वर कपडे, रायफल, पिशवी: तीनशेच्या आत. स्टँड पेलणार हे उघड होतं. अडचण वजन जास्त असण्याची नव्हती, कमी असण्याची होती.

झाडावर चढणाऱ्याने पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे पडताना धरून ठेवणारे पट्टे, घालायचा आणि जमीन सोडल्यापासून परत जमिनीला पाय लागेपर्यंत दोराला जोडलेलं राहायचं, हा या धंद्यातला पहिला नियम. पडणं बसलेलं असताना कमी होतं. चढता-उतरताना, आणि शिडीवरून बैठकीवर पाय टाकताना जास्त. म्हणून बैठकीच्या वर खोडाला बांधून जमिनीपर्यंत सोडलेला जीवनदोर लागतो आणि त्यावर हाताने सरकणारी पण झटक्याने आवळणारी प्रुसिक गाठ. एका दोरावर एकच माणूस, म्हणजे दोघांना दोन दोर. हे सगळं जमवता आलं असतं. पण घरातल्या जादा हार्नेसच्या पट्टीवर छापलेली वजनाची खालची मर्यादा मुलीच्या वजनाच्या बरीच वर होती. ती मर्यादा शोभेची नसते. मांड्यांचे पट्टे शेवटच्या छिद्रापर्यंत ओढूनही ढिले राहतात, मूल उलटं झालं तर खांद्यांतून निसटू शकतं. शिवाय झटका शोषण्यासाठी पट्ट्यात जी उसवणारी शिवण असते ती जड अंगाच्या हिशेबाने केलेली. हलक्या अंगाला ती नीट उसवत नाही आणि झटका सगळा शरीरावर येतो. मुलांच्या मापाचे हार्नेस मिळतात. तो न घेता मोठ्यांचा घट्ट बांधून चालवणं हा या निवडीतला सर्वांत धोकादायक शॉर्टकट आहे.

दुसरी गोष्ट स्टँडच्या वयाची. तो मागच्या हंगामापासून तसाच झाडावर होता. उन्हाने पट्ट्यांचा रंग गेलेला, एका पट्ट्याला खारीने कुरतडलेलं, आणि वर्षभरात खोड जाडल्यामुळे पट्टा आवळणारं रॅचेट सालीत रुतलेलं. असा स्टँड वापरायचा तर जमिनीवर उतरवून पट्टे नवे घालायचे आणि तिघांनी मिळून पुन्हा उभा करायचा. शिडी झाडाला टेकवताना दोघं खालून धरणारे हवेतच.

तरीही हे सगळं करून मुलीला दुपारी, उजेडात, मुलांच्या मापाचा उसना हार्नेस घालून वर बसवून पाहिलं गेलं. निकाल पाच मिनिटांत लागला. पायाच्या आडव्या पट्टीपर्यंत तिचे पाय पोचत नव्हते. रायफल टेकवायचा समोरचा कठडा सगळ्यांत खालच्या खाचेत घेतला तरी तिच्या हनुवटीला लागत होता. कठड्यावर नळी ठेवायची तर तिला उभं राहावं लागलं असतं. सोळा फुटांवर, लोंबत्या पायांवरून, रायफल हातात घेऊन. तिथे विषय संपला.

उंचीचे फायदे खोटे नाहीत. वरून मारलेली गोळी चुकली तर जमिनीत जाते, नजर गवतावरून जाते, वास काही वेळा डोक्यावरून निघून जातो. पंधरा-सोळा वर्षांच्या, अंगाने भरलेल्या मुलासाठी याच शेतावर आम्ही हाच स्टँड निवडला असता. पायांवर उभी लाकडी पेटी, म्हणजे बॉक्स ब्लाइंड, मुलांना फार सुखाची. पण ती महाग, एका जागी रोवलेली आणि दुसऱ्याच्या जमिनीवर दोन दिवसांसाठी कुणी बांधत नाही. झाडाला टेकून समोर फांद्या रचून बसणं सगळ्यांत स्वस्त, पण तिथे मुलाची प्रत्येक हालचाल उघडी. उरला तो चार भिंतींचा कापडी ब्लाइंड.

कायद्याने एक पर्याय आधीच कापलेला होता. विस्कॉन्सिनमध्ये बारा वर्षांखालचं मूल मेंटॉरसोबतच, म्हणजे जबाबदारी घेणाऱ्या मोठ्या माणसासोबतच, शिकार करू शकतं आणि मेंटॉर हात पोचेल इतक्या जवळ असावा लागतो. म्हणजे एकट्याचा कुठलाही स्टँड बाद. ब्लाइंड घ्यायचा तोही खरोखर दोघांचा.

मापं

ब्लाइंडच्या खोक्यावर ‘दोन ते तीन माणसांसाठी’ लिहिलेलं असतं. ती माणसं रायफलशिवाय, हात जुळवून बसलेली असावीत. पाच बाय पाच फुटांत दोन खुर्च्या आणि रायफल टेकवायची एक तिपाई लावली की कुणालाच वळता येत नाही. या प्रकरणात सहा बाय सहा फुटांचा, प्रत्येक भिंतीच्या मधोमध हब (काड्या जिथे जोडलेल्या असतात तो सांधा) असलेला, ओढला की ताठ होणारा ब्लाइंड घेतला. पण त्याआधी घेतली खुर्ची, आणि क्रम हाच ठेवावा. खिडकीची उंची डोळ्यावरून ठरते, डोळा बैठकीवरून आणि बैठक पायावरून.

गुडघ्यामागून टाचेपर्यंतचं अंतर मुलीच्या बाबतीत १४ इंच भरलं. शिकारीच्या घडीच्या खुर्च्या बहुतेक १७-१८ इंचांच्या. तीन-चार इंचांच्या फरकाने पाय लोंबतात, मांडीखालची कड रुतते, वीस मिनिटांत मुंग्या येतात आणि मूल पाय झुलवायला लागतं. याला पालक चुळबुळ म्हणतात आणि दटावतात. १४ इंची बिनहाताची, फिरती बैठक असलेली खुर्ची आणली. हात असलेली नको. दस्ता खांद्याला लावताना कोपर अडतं. फिरती बैठक कुरकुरली तर खिळीवर पॅराफिन मेण घासावं. तेलाला वास असतो.

१४ इंची बैठकीवर ताठ बसल्यावर तिचा डोळा जमिनीपासून ३९ इंचांवर आला. रायफलीवर वाकली की दोन इंच खाली. रायफलीवरच्या दुर्बिणीची मध्यरेषा नळीच्या मध्यापासून सुमारे दीड इंच वर असते, म्हणजे नळी ३५ इंचांच्या आसपास. ब्लाइंड घासाच्या शेतापेक्षा वीसेक फूट उंचावर, उताराच्या खांद्यावर लागणार होता आणि हरीण साठ यार्डांवर अपेक्षित होतं. वीस फूट खाली, १८० फूट लांब: नळीचा रोख सहा अंशांनी खाली. डोळा आणि समोरची भिंत यांत ३३ इंच धरले तर खिडकीपाशी ही रेषा साडेतीन इंच उतरते. खिडकीची खालची कड ३० इंचांपेक्षा वर असलेला ब्लाइंड इथे चालणार नव्हता. दुकानात दिसलेल्या दोनपैकी एका ब्लाइंडची कड ३४ इंचांवर होती. मोठ्या माणसासाठी उत्तम, मुलीसाठी भिंत. सरकत्या पडद्याच्या खिडक्या म्हणूनच बऱ्या, कारण कड हवी तिथे आणता येते.

खोलीचा हिशेब बहुतेक चुकतो, कारण लोक जमीन मोजतात. हबचे ब्लाइंड मध्यावर बाहेर फुगतात. जमिनीवरचे ७२ इंच हबपाशी ९० होतात, म्हणजे प्रत्येक भिंत नऊ इंच बाहेर. रायफल ३९ इंच. खुर्चीच्या पाठीपासून खांदा दहा इंच पुढे. नळीचं तोंड पाठीपासून ४९ इंचांवर. मागच्या भिंतीच्या तळापासून मोजलं तर समोरची फुगलेली भिंत ८१ इंचांवर येते. खुर्चीची पाठ मागून ३६ इंचांवर ठेवली तेव्हा नळीचं तोंड ८५ वर गेलं, खिडकीच्या चार इंच बाहेर. मूल मागे सुरक्षित बसवून नळी आत ठेवावी असं वाटतं, पण तसं करू नये. बंद जागेत झालेल्या बाराचा दणका कानाला आणि छातीला बसतो आणि ते मूल पुढच्या वेळी चाप ओढताना डोळे मिटतं. बार काढताना नळी बाहेर, बाकी वेळ आत, सेफ्टी लावलेली. कानांवर आवाज दाबणारे इलेक्ट्रॉनिक मफ. त्यातून कुजबुज ऐकू येते, म्हणून मूल ते काढून ठेवत नाही. मात्र मफ दस्त्याला टेकून सरकत नाहीत ना, ते आधी पाहावं.

मुलीमागे उरलेल्या तीन फुटांत उजव्या कोपऱ्यात वडील. हात तिच्या खांद्यापर्यंत पोचतो, डोकं तिच्या डोक्यामागे येतं.

अंगणातली तालीम

ब्लाइंड आधी आठवडाभर अंगणात उभा ठेवला. एक तर नव्या कापडाचा वास जातो. दुसरं, चुका घरी होतात.

सर्वांत कामाची तपासणी अशी: रायफल रिकामी, बोल्ट काढलेला, तिपाईवर, नळीचं तोंड अजून खिडकीच्या आत, मुलगी बसलेली. आधी तिने दुर्बिणीतून खूण पाहायची. मग रायफल न हलवता वडिलांनी मागून नळीतून पाहायचं. दुर्बिणीत खूण स्वच्छ दिसत होती. नळीतून दिसत होतं खिडकीचं काळं कापड. दीड इंचाचा फरक एवढा असतो. अशी गोळी कापडातून किंवा कडेच्या काडीतून जाते आणि हरणाचं काय झालं हे कळायला रात्र जाते. पडदा दोन इंच खाली घेतला आणि सुईने तिथे पांढरा टाका घातला, अंधारातही बोटाला लागेल असा.

जाळीतून बार काढू नये. काही जाळ्या बाणासाठी असतात, रायफलीसाठी खिडकी मोकळीच हवी. खरं काडतूस नसलेल्या रायफलीवर, चापासाठी नकली काडतूस घालून, संधिप्रकाशात वीस वेळा तोच क्रम केला: तिपाई, नळी बाहेर, गाल दस्त्याला, श्वास, चाप. आणि तोच क्रम थंडीचं जाकीट घालून. जाड जाकिटाने दस्ता एखाद्या इंचाने लांब झाल्यासारखा होतो आणि दुर्बिणीत काळं वर्तुळ येतं. दस्त्यामागचा एक इंचाचा तुकडा काढल्यावर ते गेलं.

शेतावर

हंगामाच्या तीन आठवडे आधी ब्लाइंड जागेवर लावला. आयोवा काउंटीत आमिष टाकायला बंदी आहे. या भागात २००२ मध्ये हरणांचा झिजरोग, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, पहिल्यांदा सापडला, बंदी त्यापायी. याचा बैठकीशी थेट संबंध आहे. मक्याचा ढीग नसला की हरीण एका ठरलेल्या बिंदूवर येत नाही, त्याच्या वाटेचा बराच तुकडा दिसावा लागतो.

घळ अरुंद. पूर्वेला ओकचा उतार, त्यातून ओघळ ईशान्येकडून घासात उतरते. ब्लाइंड पश्चिमेच्या खांद्यावर, तोंड पूर्वेला. मुख्य कारण गोळीचं: जमिनीवरून मारलेली गोळी सपाट जाते, म्हणून हरणामागे डोंगर हवा. शेतघर आग्नेयेला होतं. आतल्या भिंतीवर त्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीची उभी रेघ मारली. रेघेच्या उजवीकडे नळी जाणार नाही. वायव्येचा वारा वास आग्नेयेला नेतो, ओघळीच्या तोंडाला तो लागत नाही. नैर्ऋत्येचा वारा असला तर तिथे बसायचंच नाही असं आधी ठरलं.

आतली पानं दाताळ्याने ओढून माती उघडी केली. कोपऱ्यांना खुंट्या, शिवाय चारही हबना ताणदोर, नाहीतर पहिल्या वादळात ब्लाइंड घळीत मिळतो. बाहेरून ओकच्या फांद्या आणि मक्याची ताटं, विशेषतः छताची सरळ रेघ मोडण्यासाठी. आत दोघांच्या अंगावर नियमाप्रमाणे भगभगीत नारिंगी. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, निळा मात्र चांगला दिसतो, म्हणून निळी जीन्स घरी. सरकारी जमिनीवर बंदुकीच्या हंगामात ब्लाइंडवर सर्व बाजूंनी दिसेल असं १४४ चौरस इंच नारिंगी किंवा गुलाबी लागतं. ही जमीन खासगी होती, तरी एक फुटी चौकोन चारही बाजूंना टाचले. दुसरा शिकारी कुंपण ओलांडून आला तर त्याला कायदा वाचायला वेळ नसतो.

शनिवारी सकाळी काय बिघडलं: वडिलांनी ‘सगळीकडून दिसावं’ म्हणून चारही खिडक्या उघडल्या. मागून उजेड आला की आतली माणसं सावल्यांसारखी उठून दिसतात. त्यात सूर्य पूर्वेला, सरळ तोंडावर. एक मादी दोन पिलांसह ओघळीत आली, थबकली, खूर आपटला, फुत्कारली, शेपटी वर. खरं तर या जागी सकाळी बसायलाच नको होतं. ती संध्याकाळची जागा. पुढे मागच्या दोन्ही बाजू कायम बंद, समोरची एक खिडकी आणि ईशान्येची फट.

शनिवारी संध्याकाळची चूक अधिक शिकवणारी. पंचावन्न यार्डांवर मादी आली. वडिलांना स्पष्ट दिसत होती. “दिसली?” “नाही, बाबा.” दोनदा हेच झालं आणि मुलगी पाहायला खुर्चीवरून अर्धवट उठली. संपलं. वडिलांचा डोळा बसल्यावर जमिनीपासून ४८ इंचांवर, तिचा ३९ वर. खिडकीसमोर पंधरा पावलांवर गोल्डनरॉड या उंच रानझुडपाच्या वाळक्या काड्या होत्या. वडिलांनी गोळीची वाट साफ केली होती स्वतःच्या खुर्चीत बसून. तिच्यासाठी ती मादी काड्यांच्या कुंपणापलीकडे होती.

रविवारी दुपारी वडील १४ इंची खुर्चीत पाय पसरून, मान खाली घालून तिच्या डोळ्याच्या रेषेत बसले आणि मुलीने बाहेर जाऊन ते सांगतील त्या काड्या कापल्या. अर्ध्या तासाचं काम. ३०, ५० आणि ७५ यार्डांना एकेक खुंटी ठोकली. ७५ च्या पलीकडे बार नाही, कारण सरावात तिच्या गोळ्या तिथपर्यंतच आठ इंचांच्या ताटलीत पडत होत्या.

संध्याकाळी वारा वायव्येचा, सूर्य पाठीमागे. ते साडेचारला बसले. पावणेदोन तासांपेक्षा जास्त बसवायचं नाही, हे ठरलेलं. खाऊ आधीच प्लास्टिकमधून कापडी पिशवीत काढलेला. सूर्यास्ताला वीसेक मिनिटं असताना ५० च्या खुंटीपलीकडे एकटी मादी आडवी उभी राहिली. मुलगी जागची उठली नाही, तिला उठायची गरज नव्हती. मादी साठ-एक यार्ड धावून घासातच पडली. डोक्याचा नमुना दुसऱ्या दिवशी झिजरोगाच्या तपासणीला दिला. ती तपासणी विस्कॉन्सिनमध्ये विनामूल्य होते. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये, वेगळं.

नोव्हेंबरच्या नऊ दिवसांच्या हंगामासाठी त्यांचा पुढचा प्रश्न हीटरचा होता. कापडी ब्लाइंडमध्ये प्रोपेनचा हीटर नको, हेच उत्तर. कापड पेट घेतं, आणि खिडक्या बंद ठेवण्याच्या नादात कार्बन मोनॉक्साइड साठतो, ज्याला वास नसतो. त्याऐवजी पायाखाली दीड-दोन इंच जाड फोमचा तुकडा, एक माप मोठे बूट, लोकरी मोजे एकच जोड, मांडीवर रजई आणि बैठक सव्वा तासाची. थंडी मुलाला पायातून चढते. मोज्यांचे दोन जोड घट्ट बुटात कोंबले तर रक्त अडतं आणि पाय अधिक गारठतात.

ब्लाइंड हंगामभर उभा ठेवायचा तर हिमवृष्टीनंतर छतावरचा बर्फ आतून हाताने थोपटून पाडावा लागतो, नाहीतर हबच्या काड्या मोडतात. काढताना तो बहुधा ओला असतो. तसाच पिशवीत भरला तर वसंतापर्यंत बुरशी येते आणि तो वास पुढच्या ऑक्टोबरपर्यंत जात नाही. गॅरेजमध्ये उघडून दोन दिवस वाळवावा, शिवणी तपासाव्यात आणि पिशवी जमिनीवर न ठेवता खिळ्याला टांगावी, उंदरांपासून लांब. पडद्यावरचा पांढरा टाका मात्र उसवावा. पुढच्या वर्षी मुलगी दोन-अडीच इंच वाढलेली असेल आणि माप पुन्हा पायापासून घ्यावं लागेल.